खालच्या वाडीचा फोटो

आमच्या गावचा जुना फोटो हवा असेल तर तो गावात शोधण्यात अर्थ नाही. इथे चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने खारी हवा. अल्बमचं प्लास्टिक फोटोला असं चिकटतं की सोडवायला गेलं की नवरीचं तोंडच प्लास्टिकबरोबर निघून येतं. ओलीने जे सोडलं ते वाळवीने घेतलं. त्यामुळे देवळाच्या जीर्णोद्धारानिमित्त पुस्तिका काढायचं ठरलं आणि जुने फोटो मॅडम गोळा करतील असं समितीने परस्पर जाहीर केलं, तेव्हा मी गावातल्या एकाही घराची कडी वाजवली नाही. लॅपटॉप उघडला आणि अनोळखी माणसांचे अल्बम चाळायला बसले.

मॅडम म्हणजे मी. रत्नागिरीत एका कॉलेजच्या ग्रंथालयात गावातून जाऊन-येऊन नोकरी केली, निवृत्त झाले, आणि आरे-वारेच्या रस्त्याने पुढे असलेल्या या गावात सासरच्या घरी सासूबाईंबरोबर राहते. त्यांना मी आई म्हणते. नवरा जाऊन सतरा-अठरा वर्षं झाली. मुलगी पुण्याला असते. माझं बरं चाललेलं आहे, असं मी विचारणाऱ्याला सांगते आणि ते खोटंही नाही. फक्त गोष्टी मला कळतात, पण लागत नाहीत. दाढेला भूल दिल्यावर डॉक्टर वरून ठोकून बघतात, ते कळतं पण दुखत नाही, तसं. मुलीचं लग्न झालं, ती सासरी निघाली, सगळ्या बायका डोळे पुसत होत्या आणि मी हॉलवाल्याला खुर्च्या मोजून परत देत होते. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे.

पुस्तिका साधीच निघायची, पण मध्येच तिला पालखीचं लचांड चिकटलं. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघते आणि गावातल्या घरोघरी जाते. प्रत्येकाच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, ती बसते, घरची बाई देवीची ओटी भरते, म्हातारी माणसं गाऱ्हाणं घालतात, मग ढोलाच्या तालावर पालखी उचलायची आणि पुढच्या दारात. वर्षभर मुंबईत असलेली माणसं या दिवसांत गावाला येतात ती त्यासाठीच. पण हल्ली त्यांची रजा लौकर संपते, गावात उरलेत ते बहुतेक गुडघ्याचे पेशंट, आणि पालखीला खांदा द्यायला माणूस मिळत नाही. म्हणून समितीने ठरवलं की ज्या घरांचा जुना मान आहे तिथेच पालखी न्यायची. बाकीच्यांनी सहाणेवर यायचं. सहाण म्हणजे देवळाशेजारचा चौथरा, जिथे शिमग्यात पालखी बसते. तिथेच नारळ द्यायचा, तिथेच ओटी भरायची.

आता जुना मान कोणाचा? वरच्या वाडीबद्दल वाद नव्हता. खालच्या वाडीबद्दल, म्हणजे आमच्याबद्दल, कुजबुज सुरू झाली. आम्ही सगळी एकाच भावकीची घरं, पाखाडीच्या दोन्ही अंगांना. पाखाडी म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट. देऊळ तिच्या वरच्या टोकाला आणि खाडी खालच्या. खाली पालखी न्यायची तर पायऱ्या उतरा आणि पुन्हा चढा, हा खरा त्रास होता. तो कोणी बोललं नाही. खालच्या वाडीत पालखी अलीकडे जायला लागली, असं बोललं गेलं.

मी हे आईंना सांगितलं तेव्हा त्या वाल सोलत होत्या. त्यांचे गुडघे असे झालेत की पडवीतून न्हाणीघरापर्यंत जायचं तरी भिंत धरून. पाखाडी चढून सहाणेवर जाणं त्यांच्या जन्मात पुन्हा होणार नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे मला आता देवी दिसायची नाय," त्या म्हणाल्या.

एवढंच. पुढे त्यांनी वाल सोलले, मी ते शिजवले आणि आम्ही दोघी जेवलो. पण तेव्हापासून संध्याकाळी दिवा लावला की त्या हात जोडून जरा जास्त वेळ बसायला लागल्या. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही, फक्त लक्षात राहिलं.

समितीचा सेक्रेटरी हा वरच्या वाडीतला, पण मुंबईत जन्मलेला मुलगा. मुलगा म्हणजे चाळिशीचा. सुट्टीच्या दिवशी येतो, सगळ्यांना वाकून नमस्कार करतो, कामाला वाघ आहे. गावाला शिस्त लावायची त्याची फार इच्छा. तोच मला म्हणाला, "काकू, तोंडी कोणीही काहीही सांगतं. आपण फोटो बघू. जे फोटोत दिसेल ते पुस्तिकेत छापू आणि तसंच पुढे चालू ठेवू." म्हणजे मी जे फोटो शोधत होते ते आता नुसते पुस्तिकेचे फोटो राहिले नव्हते. पालखी आमच्या दारात येणार की नाही, हे त्यावर ठरणार होतं.

मोबाइलवरचे फोटो कामाचे नव्हते. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये पालखीचे ढीगभर फोटो, पण सगळे अलीकडचे. त्याच्या आधी आमच्या लोकांकडे कॅमेरा नव्हता, आणि होता तो बारशाला काढत. पालखीचा फोटो काढायचा असतो असं कोणाला वाटलंच नव्हतं, कारण पालखी दर वर्षी येणारच होती.

परक्या माणसाला मात्र वाटतं. इंटरनेटवर फोटो ठेवायच्या ज्या जुन्या साइट आहेत, त्यांवर कधीकाळी पाठीवर पिशवी टाकून फिरणाऱ्या लोकांनी ढिगाने फोटो चढवून ठेवलेत आणि मग ते विसरून गेलेत. ग्रंथालयात कोणी वाचत नाही अशा कपाटासारखं ते असतं, आणि अशा कपाटाशी माझं नेहमी जमलं. दुपारी वीज असली की मी बसायची. आमच्या गावाचं नाव इंग्रजीत लिहायच्या जितक्या चुका शक्य आहेत तितक्या करून शोधायची. काही जण गावाचं नाव लिहितच नाहीत. "समुद्र", "लाल दगड", "म्हशी" असं काहीतरी लिहितात. मी म्हशी शोधल्या. एकाने नकाशावर आमच्या गावची खूण भर समुद्रात टोचली होती. एकाने आंजर्ले म्हणून जे देऊळ टाकलं होतं ते आंजर्ल्याचं नव्हतंच. आरे-वारे म्हणून टाकलेल्या एका फोटोत सूर्य पाण्यातून वर येतोय असं लिहिलं होतं. आमच्या किनाऱ्यावर सूर्य पाण्यातून वर आला तर लोक घरं सोडून पळतील. अशा फोटोंखाली मी नम्रपणे दुरुस्ती लिहायची. कोणी उत्तर देत नसे, आणि मला राग येत नसे. पूर्वी मला फार राग यायचा. ग्रंथालयातली मुलं मला टरकून असत.

ज्याचा फोटो वापरायचा त्याची परवानगी मागायची, हा माझा नियम. समितीला ते हास्यास्पद वाटलं. देवाचा फोटो, त्याला परवानगी कसली? पण मी प्रत्येकाला इंग्रजीत पत्र लिहिलं. काहींचे पत्ते बंद पडले होते. काहींनी आनंदाने होकार दिला आणि वर, अजून ते समोसे मिळतात का, अशी चौकशी केली.

त्यातच एका थंड देशातल्या माणसाचा अल्बम सापडला. आरे-वारेला पोहायला आलेला हा माणूस ढोलाचा आवाज ऐकून आमच्या गावात शिरला होता आणि दिवसभर पालखीच्या मागे फिरला होता. कोणाचं नाव नाही, गावाचं नाव नाही, साल नाही. फोटोला कॅमेऱ्याने दिलेला नंबर तेवढा होता. पण फोटो असे, की मी खुर्चीत सरसावून बसले. वरच्या वाडीतलं कौलारू घर, जे आता स्लॅबचं आहे. देवळाचं जुनं लाकडी छत. देवीचे चांदीचे मुखवटे इतके स्वच्छ आलेले, की आपण समोर उभे आहोत. त्याला लिहिलं. दोन ओळींत उत्तर आलं: खुशाल वापरा, साल आठवत नाही, तेव्हाचा कॅमेरा आणि कॉम्प्युटर दोन्ही गेले.

फोटो उलटसुलट क्रमाने चढवलेले होते. मी नंबरांप्रमाणे लावले आणि पालखीचा रस्ताच तयार झाला. देऊळ, मग वरच्या वाडीतलं एक एक खळं, प्रत्येकात पालखी बसलेली, ओटी भरणाऱ्या बायका, नाचवणारे खांदेकरी. मग एक फोटो पाखाडीचा. मग थेट खाडीवरचं छोटं देऊळ.

तो पाखाडीचा फोटो मी मोठा करून बघितला. पालखी खांद्यावर आहे. दोन्ही अंगांना दारं ओढून घेतलेली. एकाही खळ्यात सारवण नाही, रांगोळी नाही. उजवीकडच्या गडग्यामागे, म्हणजे दगडी कुंपणामागे, तिसरं घर, त्याच्या पडवीच्या कठड्यावर एक निळा टॉवेल वाळत टाकलेला. तो टॉवेल ह्यांचा. मी ज्या घरात बसून तो फोटो बघत होते, तेच ते घर होतं.

ह्यांना जाऊन तेव्हा आठवडा झाला नव्हता. सकाळी रत्नागिरीला कामावर जायला निघाले, पाखाडी चढताना मध्येच पायरीवर बसले, आणि संपलं. मागून शिमगा आला. सगळ्या भावकीला सुतक, त्यामुळे खालच्या वाडीत त्या वर्षी पालखी कोणीच घेतली नाही. मी मधल्या घरात भिंतीला टेकून बसलेली होते. वरच्या वाडीतून ढोल ऐकू येत होता, इतकं मला आठवतं. मग कधीतरी माझ्या लेखी तो बंद पडला. नंतर शेजारच्या जाऊबाई आत आल्या आणि म्हणाल्या, "पालखी गेली हो." खाडीपलीकडच्या गावात ऐकू जातो तो ढोल माझ्या दारावरून गेला आणि मला ऐकू आला नव्हता. माझ्यातलं काहीतरी त्या दिवशी कायमचं मिटलं, हे मी तेव्हाच स्वतःशी मान्य करून टाकलं. पुढे वडील गेले, डोळ्यांत पाणी आलं नाही. मुलगी सासरी गेली, नाही. प्रत्येक वेळी मला वाटलं, ज्या बाईला दारातला ढोल ऐकू आला नाही तिला हे काय ऐकू येणार.

फोटो बघूनही मला काही झालं नाही. टॉवेलकडे बराच वेळ बघितलं. मग नंबराप्रमाणे त्याला त्याच्या जागी ठेवलं, सगळे फोटो पेनड्राइव्हवर घेतले आणि सेक्रेटरीच्या हातात दिले. दारं का बंद आहेत हे माझ्या लेखी इतकं उघड होतं, की त्या फोटोचा कोणी दुसरा अर्थ काढेल हे डोक्यात आलंच नाही. चांगला फोटो होता, पुस्तिकेत शोभला असता.

सभा देवळात होती, रविवारी दुपारी. कोणाच्या तरी घरचा मोठा टीव्ही आणून खांबाला टेकवला होता. दोन्ही वाड्यांतले पुरुष सतरंजीवर. बायकांमध्ये मी एकटीच, तीही फोटोवाली म्हणून, एका बाजूला खुर्चीवर. फोटो एकामागून एक यायला लागले तसे लोक खुलले. कोण कोणाचा बाप, कोणाच्या डोक्यावर तेव्हा केस होते, यावरून बरीच थट्टा झाली. कोणी कोणाला ओळखून हाका मारल्या. सेक्रेटरीने सगळ्यांना हसू दिलं आणि मग तो फोटो लावला. टीव्हीवर दारं नीट दिसावीत म्हणून त्याने डावीकडचा भाग कापून टाकला होता.

"आता हे बघा," तो म्हणाला. "काकूंनी सगळे फोटो क्रमाने लावून दिलेत. वरच्या वाडीत प्रत्येक घरात पालखी बसलेली आहे. खालच्या वाडीत मात्र एकही दार उघडं नाही. पालखी सरळ खाली गेलेली आहे. मी कोणाला दुखवायला बोलत नाही, पण म्हणजे तेव्हा इथे मान नव्हता."

पालखीचे मानकरी वरच्या वाडीतले. ऐंशीच्या आसपासचे, आयुष्यभर पालखीच्या पुढे चाललेले. ते लगेच म्हणाले, "खालच्या वाडीत पालखी जायाचीच. माझ्या बापाच्या येळेपास्नं."

"मग फोटोत का नाही, आजोबा?"

मानकऱ्यांनी टीव्हीकडे बघितलं. डोळे बारीक केले. त्यांच्या तोंडात उत्तर आलेलं मला स्पष्ट दिसलं. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि खाली सतरंजीकडे बघायला लागले. मी आमच्या वाडीतल्या माणसांकडे बघितलं. थोरले दीर टीव्हीकडे पाठ करून तंबाखू मळत होते. त्यांचे धाकटे भाऊ छत न्याहाळत होते. आमच्या भावकीतला एकेक पुरुष तिथे होता, एकेकाने तो फोटो ओळखला होता, आणि एकही जण तोंड उघडत नव्हता. मला कळायला जरा वेळ लागला. ते वर्ष कुठलं हे सांगायचं म्हणजे माझ्यासमोर माझ्या नवऱ्याचं मरण काढायचं. आमच्याकडे ते कोणी करत नाही. विधवेसमोर त्या दिवसाचा विषय निघाला तर माणसं उठून गुरं बांधायला जातात. इतकी वर्षं हा सगळा गाव मला असा सांभाळत आलेला होता, आणि आता माझं मन राखण्यासाठी अख्खी वाडी आपला मान घालवायला बसली होती.

मुंबईच्या मुलाला यातलं काय कळणार? कोणी बोलत नाही म्हणजे सगळ्यांना पटलं, असा त्याने हिशेब केला. "मग ठरलं असं धरू ना?" त्याने वही पुढे ओढली.

मला आईंचे गुडघे दिसले. म्हणजे खरंच दिसले, भिंतीला धरून उभ्या राहताना कसे थरथरतात ते. बाकी मनात काही हललं नाही. आवाज कापला नाही. माझ्या बधिरपणाचा जन्मात पहिल्यांदा कोणाला तरी उपयोग होणार होता, तर तो होऊ द्यावा, असं वाटलं.

"उजवीकडचं तिसरं दार आमचं," मी खुर्चीवरूनच म्हणाले. "कठड्यावर टॉवेल आहे तो ह्यांचा आहे. त्या शिमग्याला ह्यांना जाऊन आठवडा झाला नव्हता. सगळ्या खालच्या वाडीला सुतक होतं. म्हणून दारं बंद आहेत. मी आत बसलेय."

थोरल्या दिरांची तंबाखू हातातच राहिली. सेक्रेटरीचा चेहरा पडला. वाईट मुलगा नाही तो. "सॉरी काकू," तो पुटपुटला. पण सेक्रेटरी तो सेक्रेटरीच. जरा थांबून खालच्या आवाजात म्हणालाच, "फक्त फोटोवर साल नाहीये. उद्या कोणी विचारलं तर—"

"फोटोत हाय," मानकरी म्हणाले. आता विषय मीच काढला होता, त्यांच्यावरचं दडपण उतरलं होतं. "तू कापलंस ता दाव. डावीकडचा."

पोराने पूर्ण फोटो लावला. डावीकडे, पालखीच्या पुढे, वाजवणारे होते. घरी टॉवेल बघण्याच्या नादात मी तिकडे नीट बघितलंच नव्हतं. ढोलवाल्याने टिपऱ्या काखेत धरल्या होत्या आणि ढोलाच्या कातड्यावर तळहात दाबून ठेवलेला होता. ताशा कमरेला नुसता लोंबत होता. त्यांच्या मागे, पालखीच्या पुढे, मानकरी स्वतः उभे, वय कमी, हात वर करून सगळ्यांना थोपवणारे.

"सुतकाच्या दारावरनं देवी नेताना आमी वाजवत नाय," मानकरी म्हणाले. "ढोलावर हात दाबून धरायचा, चुकून पन नाद निगता नये. खाली उतरेपरेंत पोरांना खोकायला पन दिलं नव्हतं मी. आत पोरगी बसलीय, म्हटलं." मग ते थेट माझ्याशी बोलले, लग्न होऊन आल्यापासून बहुधा पहिल्यांदाच. "सूनबाय, तुज्या दारासमोर पालखी जरा थांबवलीवती आमी. देवीला सांगितलं, बाये, पदरात घे हिला. मग गेलो."

मी राजापूरकडची. आमच्या माहेरी सुतक असलं की पालखी ती आळीच टाळते, दुसऱ्या वाटेने जाते. दारावरून न वाजवता नेतात हे मला ठाऊक नव्हतं, आणि सांगणार कोण? त्या दिवसाबद्दल माझ्याशी कोणी बोललंच नव्हतं.

ठराव झाला. पालखी पूर्वीप्रमाणे खालच्या वाडीत घरोघर येईल. थोरले दीर म्हणाले, खांदेकरी कमी पडले तर आम्ही आहोत, अजून मेलो नाही. सगळे हसले. पुस्तिकेत फोटोखाली काय छापायचं, असं सेक्रेटरीने विचारलं. खालच्या वाडीला सुतक असताना पालखी, एवढंच छाप, मी म्हटलं. मग मी लॅपटॉपची पिशवी उचलली आणि पाखाडी उतरले. पायऱ्या उतरताना माझे कान गरम झाले होते. मी काय विचार करत होते तेही सांगता येणार नाही. बहुतेक काहीच नाही.

आई पडवीत बसल्या होत्या. पायाशी वालांची परडी.

"येणार पालखी," मी म्हणाले.

त्यांनी देवघराच्या दिशेने हात जोडले. "कोनी सांगितलान तेंना?"

"मीच सांगितलं. त्या वर्षीचं."

त्यांचा हात वालांवर थांबला. ह्यांच्याबद्दल आम्ही दोघी एकमेकींसमोर कधी बोललो नव्हतो. मी त्यांना त्रास नको म्हणून, आणि त्या मला.

"त्यांनी ढोल बंद केला होता, आई," मी म्हणाले. "आपल्या दारावरून जाताना. मला वाटत होतं, मलाच ऐकू आला नाही."

"वाजतच नव्हतं तर ऐकायला काय येनार गो?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "येवडी वर्सं असं वाटत व्हतं तुला?"

"हो."

"मला इचारायचंस तरी."

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. परडीतले वाल सोलायला घेतले. मग त्या म्हणाल्या, "आजून काय काय राह्यलंय तुजं इचारायचं?"

विचारायचं असतं हेच मी विसरून गेले होते. शेवटी मी विचारलं, त्या सकाळी घरातून निघताना ते काही बोलले होते का. मी तेव्हा न्हाणीघरात होते. बाहेर आले तेव्हा ते गेलेले होते आणि वरून लोकांचा ओरडा येत होता.

"तुला हाक मारलीन," आई म्हणाल्या. "दोनदा मारलीन. न्हाणीत पानी पडत व्हतं. मी म्हटलं जा तू, उशीर व्हईल, मी सांगतंय तिला."

"कशाला हाक मारली?"

"कशाला म्हंजे? येतो म्हनून सांगायला."

मी हातातला वाल परडीत टाकला. मग तोंडाला पदर लावला, आणि तिथेच पडवीत, पाखाडीवरून जाणाऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने रडले.